पताका, पाहुणा आणि पंच

भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय सिद्धींचा आहे. रसाध्यायाच्या वाट्याला जेवढी भाष्ये, मतभेद आणि विद्यापीठीय प्रबंध आले, त्याच्या शतांशानेही या अध्यायाकडे लक्ष गेलेले नाही. कारण उघड आहे. येथे भरत काव्यानंदाचे स्वरूप सांगत नाही. तो प्रयोग यशस्वी झाला हे ओळखायचे कसे, एवढाच व्यावहारिक प्रश्न हाताळतो. नटांच्या दोन संचांमध्ये संघर्ष उत्पन्न झाला आणि दोघांनीही पताकेवर हक्क सांगितला, तर निर्णय कोणी द्यावा? भरताचे उत्तर असे की तो ‘प्राश्निकां’नी द्यावा. हे प्राश्निक कोण, याची त्याने दिलेली यादी आजच्या वाचकाला गमतीची वाटेल. यज्ञविद्या जाणणारा, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्विद्येतील जाणकार, चित्रकार, वेश्या, गांधर्व आणि राजसेवक. ज्याने त्याने आपापल्या विषयापुरतेच बोलावे : यज्ञाचा प्रसंग असेल तर याज्ञिकाने, शृंगारातील उपचारांचा असेल तर वेश्येने. या सर्वांकडून भरताची एक समान अपेक्षा आहे, ती म्हणजे निःपक्षपाताची.

या यादीत एका गोष्टीचा मागमूसही नाही. कोणता संच कोणत्या राज्यातून आला, हे ओळखणारा तज्ज्ञ भरताने नेमलेला नाही. पताका आहे, परंतु ती शेवटी दिली जाते. प्रयोग आधी, दोषांची मोजदाद मग आणि पताका त्यानंतर. विसाव्या शतकात युरोपात जन्मलेल्या आणि दूरचित्रवाणीच्या आधाराने वाढलेल्या देशादेशांमधील गीतस्पर्धांनी हा क्रम नेमका उलटा केला. तेथे पताका आधी येते आणि गायक तिच्याखाली उभा राहून तोंड उघडतो. क्रम उलटल्याने केवळ शिष्टाचार बदलतो की निवाड्याचा अर्थच बदलतो, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका क्षुल्लक नाही.

युरोपीय प्रक्षेपण संघाची गीतस्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांच्या सहभागाने सुरू झाली. महायुद्ध संपून जेमतेम अकरा वर्षे झाली होती. एकाच वेळी अनेक देशांत एकच कार्यक्रम दिसू शकतो का, याची ती तांत्रिक चाचणीही होती. प्रत्येक देशाने आपले गाणे आणावे, इतरांच्या गाण्यांना गुण द्यावेत आणि स्वतःच्या देशाला मत देऊ नये, हा नियम पुढे तिची ओळखच बनला. गाण्याला देश असतो, या गृहीतकावर सारी रचना उभी होती. मात्र ते गृहीतक टिकवण्यासाठी संयोजकांना किती खटपट करावी लागली, हे पाहण्यासारखे आहे. गीत देशाच्याच भाषेत असावे अशी सक्ती १९६६ साली आली, १९७३ साली ती उठली, १९७७ साली परत आली आणि १९९९ पासून कायमची गेली. १९८८ साली स्वित्झर्लंडला विजय मिळवून देणारी गायिका सेलीन दियाँ ही कॅनडाची होती. १९७८ साली इस्राएल जिंकणार असे दिसू लागताच जॉर्डनच्या दूरचित्रवाणीने प्रक्षेपण थांबवून पडद्यावर फुलांचे चित्र दाखवले आणि विजेता म्हणून आपल्या प्रेक्षकांना बेल्जियमचे नाव सांगितले. एका राष्ट्राला गाणे ऐकणे चालले, परंतु त्याचा विजय ऐकणे चालले नाही, ही घटना विनोदी आहे तितकीच बोलकीही आहे. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाला स्पर्धेतून वगळण्यात आले आणि त्या वर्षी युक्रेन जिंकला. त्या विजयात किती गुण गाण्याचे आणि किती सहानुभूतीचे, याचा हिशोब कोणत्याही प्राश्निकाला मांडता येणार नाही.

मराठी वाचकाला मात्र यासाठी युरोपकडे पाहण्याची गरज नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये ‘सुरक्षेत्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. भारत आणि पाकिस्तान अशा दोन संघांमधील ही गायनस्पर्धा भारतात कलर्स आणि सहारा वन या वाहिन्यांवरून आणि पाकिस्तानात जिओ वाहिनीवरून दाखवली जात होती. भारतीय संघाचे नेतृत्व हिमेश रेशमिया यांच्याकडे आणि पाकिस्तानी संघाचे आतिफ अस्लम यांच्याकडे होते. परीक्षक तिघी : भारताच्या आशा भोसले, पाकिस्तानच्या आबिदा परवीन आणि बांगलादेशाच्या रुना लैला. चित्रीकरण दुबईत झाले. कार्यक्रमाच्या नावातच कुरुक्षेत्राचा अनुप्रास योजलेला होता. नाव ठेवणाऱ्यांना त्या अनुप्रासातून युद्धाचा आवेश हवा असणार. परंतु कुरुक्षेत्रावर समोरासमोर उभे राहिलेले दोन्ही पक्ष एकाच घरातले होते, हेही त्या नावाबरोबर नकळत आत आले. ‘क्षेत्र’ या शब्दाची मराठीतील वहिवाट तर आणखी निराळी. मराठी माणूस क्षेत्राला जातो तो लढायला नव्हे. पैठणच्या आधी ‘श्रीक्षेत्र’ लागते.

कार्यक्रम पडद्यावर येण्याआधीच मुंबईत वाद पेटला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी पाकिस्तानी कलावंतांच्या सहभागाला जाहीर विरोध केला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली, त्या शहरातून चालणाऱ्या करमणूकव्यवसायाने पाकिस्तानी गायकांना व्यासपीठ का द्यावे, हा त्या विरोधाचा आशय होता. आशा भोसले यांनी अतिथीला देव मानावे या वचनाचा आधार घेतला आणि आपल्याला राजकारण नव्हे, संगीत कळते, असा पवित्रा घेतला. आतिथ्याच्या मागे पैसा आहे, अशा अर्थाचे प्रत्युत्तर ठाकरे यांनी दिले. वृत्तपत्रांनी हा दोन प्रसिद्ध मराठी माणसांमधील शाब्दिक सामना म्हणून रंगवला आणि काही आठवड्यांत विषय मागे पडला. वादाचे तत्त्वज्ञानात्मक अंग कोणी उलगडले नाही. दैनिकांकडून तशी अपेक्षाही नव्हती.

या वादात दोन्ही बाजूंनी वापरलेले शब्द तपासले की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. विरोधकांचे गृहीतक असे होते की पाकिस्तानी गायक म्हणजे पाकिस्तान. निर्मात्यांचे गृहीतकही तंतोतंत तेच होते. अन्यथा संघांना देशांची नावे देण्याचे, त्यांना समोरासमोर उभे करण्याचे आणि कर्णधारांमधील खटके जाहिरातीत वापरण्याचे प्रयोजन उरत नाही. फरक इतकाच की एका पक्षाला त्या समीकरणातून निषेध निष्पन्न करायचा होता आणि दुसऱ्याला प्रेक्षकसंख्या. ‘संगीताला सीमा नसतात’ हे वाक्य अशा वेळी बचावासाठी वापरले गेले. सीमा मानणाऱ्याला उत्तर देताना ते वाक्य वापरण्याचा अधिकार ज्याने स्वतः सीमा आखलेली नाही त्यालाच असतो. येथे तर रंगमंचच सीमारेषेवर बांधलेला होता. ती रेषा पुसली असती तर विकण्यासारखे काही उरले नसते.

आशाबाईंचा ‘अतिथी’ हा शब्द मात्र या दोन्ही गृहीतकांच्या बाहेरचा आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार अधिक गांभीर्याने व्हायला हवा. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत हा उपदेश विद्या संपवून गृहस्थाश्रमाकडे निघालेल्या शिष्याला केलेला आहे. म्हणजे त्याला पूर्वअट आहे ती घराची. ज्याला दार आहे, चूल आहे, वाढण्यासाठी अन्न आहे, त्याला अतिथी येतो. अतिथीशी स्पर्धा करता येत नाही. त्याला हरवण्यात पुरुषार्थ नाही आणि त्याच्याकडून हरण्यात नामुष्की नाही. याउलट प्रतिस्पर्ध्याला पाहुणचार चालतो, परंतु तो सामन्याच्या आधी आणि नंतर. एमिल बेन्व्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिले की लॅटिनमधील ‘होस्तिस’ हा शब्द आरंभी परस्पर देण्याघेण्याने बांधलेल्या परक्यासाठी होता आणि पुढे तोच शत्रूचा वाचक झाला. जाक देरिदाने आपल्या आतिथ्यविषयक चिंतनात या शब्दाची दुहेरी चाल पकडली : पाहुण्याला आत घेण्याचा अधिकार आणि त्याला दाराशी अडवण्याचा अधिकार हे एकाच घरमालकीतून येतात. आशा भोसले आणि राज ठाकरे या अर्थाने एकाच अधिकाराची दोन टोके बोलत होते. दोघांनीही घर आपले आहे असे धरले.

आणि घर तर दुबईत होते. यजमान आणि पाहुणा दोघेही तिसऱ्याच्या अंगणात, भाड्याच्या मांडवाखाली भेटत होते. ही केवळ निर्मितीची सोय होती असे म्हणून सोडून देता येईल. पण आतिथ्याचा दावा ज्या घरावर उभा राहतो ते घरच गैरहजर असल्याने त्या दाव्याचा अर्थ पातळ होतो, हे नाकारता येत नाही.

येथे ‘प्रतिनिधित्व’ या संकल्पनेची फोड करणे आवश्यक ठरते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या आपल्या बहुचर्चित निबंधात मार्क्सच्या जर्मन शब्दांच्या आधारे दोन क्रिया वेगळ्या केल्या : एखाद्याच्या वतीने बोलणे आणि एखाद्याचे चित्र उभे करणे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने एकीच्या आडून दुसरी खपवली जाते. मराठीतही ‘प्रातिनिधिक’ म्हणताना हीच गल्लत होते. राजदूत देशाच्या वतीने बोलतो, कारण त्याला अधिकारपत्र दिलेले असते. ग्रामीण कादंबरीतील शेतकरी शेतकऱ्यांचे चित्र उभे करतो, पण त्यांच्या वतीने करार करू शकत नाही. ‘सुरक्षेत्रा’तील विशीतला गायक यांपैकी काय होता? त्याला कोणत्याही लोकसभेने पाठवले नव्हते. वाहिनीने निवडले होते. तो आपल्या देशाच्या गाण्याचे चित्रही उभे करत नव्हता, कारण दोन्ही संघांचे गाणे बहुतांशी एकाच भांडारातले होते : हिंदी चित्रपटगीत, गझल, कव्वालीच्या अंगाने जाणारी सूफी रचना. पाकिस्तानी मुलाने भारतीय चित्रपटातील गाणे गायचे आणि भारतीय मुलीने मेहदी हसन यांच्या वळणाची गझल, तर देशाची पाटी कोणत्या बाजूला लावायची?

हा प्रश्न दिल्ली किंवा कराचीतून विचारला की तात्त्विक वाटतो. हर्सूलमधून विचारला की त्याला माती लागते. छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाज्यातून उत्तरेला जळगावच्या रस्त्याने निघाले की हर्सूल लागते. आज ते शहराचाच भाग झाले आहे. महाराष्ट्रात त्याचे नाव निघते ते बहुधा मध्यवर्ती कारागृहामुळे; स्थानिक माणसाला तलाव आणि हर्सिद्धी मातेचे मंदिर आधी आठवते. पाणचक्कीच्या दर्ग्यापर्यंत जमिनीखालून पाणी नेणारी जुनी नहर याच बाजूच्या ओढ्यांच्या खोऱ्यातून निघते, आणि तो दर्गा ज्या बाबा शाह मुसाफिरांचा, ते मध्य आशियातून आलेले नक्शबंदी संत होते. पाणी हर्सूलचे आणि संत बुखाऱ्याकडचे; तरी पाणचक्की कोणाची असा प्रश्न या शहराला पडल्याचे ऐकिवात नाही.

या शहरात अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी हा सूफी कवी राहिला आणि येथेच वारला. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे बदलले. कवीच्या नावातले जुने गावनाव तसेच राहिले, कारण उपनाम बदलण्यासाठी कोणतीही राजपत्रित तरतूद नाही. प्रेमाच्या विस्मयात पक्षभेदच उरत नाही, अशा आशयाची त्याची एक गझल उर्दूतील सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या रचनांपैकी आहे. ती आजच्या श्रोत्यापर्यंत ज्या कंठांतून पोहोचली त्यांतील एक ठळक कंठ आबिदा परवीन यांचा आहे. म्हणजे ‘सुरक्षेत्रा’त पाकिस्तानच्या बाजूने बसलेल्या परीक्षक हर्सूलपासून काही मैलांवर राहून गेलेल्या कवीचे शब्द गात आलेल्या होत्या. हर्सूलच्या श्रोत्याने ती गझल ऐकली तर येथे अतिथी कोण? जी बाई सिंधमधून आली ती, की जो शब्द अडीचशे वर्षांनी सिंधवरून घरी परतला तो?

परीक्षकांच्या खुर्च्यांवरील पाट्या अशा रीतीने सैल होऊ लागल्या की त्या थांबवता येत नाहीत. आबिदा परवीन यांचा जन्म १९५४ साली लाडकान्याचा. त्या उस्ताद सलामत अली खाँ यांच्या शिष्या, आणि त्यांचे घराणे शाम चौरासी. ते गाव भारतातील पंजाबात, होशियारपूर जिल्ह्यात आहे. रुना लैला यांचा जन्म १९५२ साली सिल्हेटचा, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातला. त्यांची पार्श्वगायनाची सुरुवात पाकिस्तानी चित्रपटांतून झाली आणि १९७४ साली त्या बांगलादेशात गेल्या. तिसऱ्या, तटस्थ देशाची म्हणून बसवलेली परीक्षक पहिल्या देशाच्या संगीतात वाढलेली होती. आशा भोसले १९३३ साली तेव्हाच्या सांगली संस्थानात जन्मल्या. वडील दीनानाथ मंगेशीचे, म्हणजे पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्याचे. तिघींपैकी सर्वांत ज्येष्ठ परीक्षक दोन्ही स्पर्धक राष्ट्रांपेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या होत्या. आणि हर्सूल? १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातले ते गाव भारतातही नव्हते आणि पाकिस्तानातही नव्हते. त्या तेरा महिन्यांत तेथे कोणी भजन म्हटले असेल, कोणी जात्यावर ओवी गायिली असेल, तर ती कोणत्या संघात धरायची?

अशा तपशिलांतून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : देश हे कृत्रिम, गाणे हे नैसर्गिक, म्हणून विरोध अडाणी. हा निष्कर्ष अप्रामाणिक आहे. बडे गुलाम अली खाँ फाळणीनंतर कसूर सोडून मुंबईला आले आणि भारताचे नागरिक झाले, हे उदाहरण संगीतप्रेमी अभिमानाने देतात. परंतु नागरिकत्व ही त्यांना हवी असलेली आणि मागून घेतलेली वस्तू होती, याचा त्यांना विसर पडतो. देश कल्पिलेला असतो म्हणून तो खोटा ठरत नाही. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली राष्ट्राला कल्पित समुदाय म्हटले तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की माणसे या कल्पनेसाठी मरतात. तिच्या नावाने मारतातही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत मारली गेलेली माणसे कोणत्याही रूपकाने परत येत नाहीत. ‘सुरक्षेत्रा’चे प्रक्षेपण चालू असतानाच, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, त्या हल्ल्यातील जिवंत पकडलेल्या एकमेव हल्लेखोराला पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. एकाच आठवड्याच्या वृत्तपत्रात फाशीची बातमी आणि गायनस्पर्धेची जाहिरात शेजारी नांदू शकत होत्या. मृतांच्या आप्तांपैकी कोणाला ते गाणे ऐकवले नसेल, तर त्याला संकुचित म्हणण्याचा अधिकार रसिकाला नाही. उपनिषदाच्या त्या उपदेशातही अतिथी चौथा येतो. त्याच्याआधी माता, पिता आणि आचार्य आहेत. घरातल्यांचे देणे आधी, असे त्या क्रमातून कोणी वाचले तर तो अन्वयार्थ ओढूनताणून आणलेला म्हणता येणार नाही.

प्रश्न असा की ते देणे गायकाकडून वसूल करता येते का. डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीच्या प्रमाणाविषयीचा १७५७ चा निबंध येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. चांगल्या परीक्षकाने पूर्वग्रह टाकावा, परक्या काळासाठी वा परक्या लोकांसाठी रचलेल्या कृतीपुढे शक्य तेवढे स्वतःचे व्यक्तित्व आणि परिस्थिती विसरावी, असे ह्यूम सांगतो. एवढ्यावर तो थांबला असता तर ‘संगीताला सीमा नसतात’ या पक्षाला तत्त्वज्ञ मिळाला असता. पण निबंधाच्या अखेरीस तो अपवाद करतो. चालीरीतींचा वेगळेपणा खपवून घ्यावा, धर्ममतांमधील चूकही सोसावी. मात्र कृतीतील नैतिक विकृतीशी आपल्या मनाला सहमत व्हायला लावता येत नाही आणि लावूही नये. विरोधकांची बाजू यापेक्षा बळकट शब्दांत मांडता येणार नाही. तरीही एक शब्द निसटता कामा नये : विकृती ‘कृतीत’ असायला हवी. ‘सुरक्षेत्रा’त गायिलेल्या एखाद्या गाण्यात हिंसेचा गौरव होता, असा आक्षेप कोणी घेतला नव्हता. दोष गाण्यात नव्हता, गायकाच्या वर्तनातही नव्हता. तो पारपत्रात शोधला गेला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलेची संकल्पना द्विध्रुवात्मक मानली. एका ध्रुवाशी कृतीची स्वायत्तता आणि दुसऱ्याशी तिची लौकिक जीवनाशी जोडलेली नाळ. समीक्षा या दोहोंमधल्या ओढीत घडते. पारपत्र या दोन्ही ध्रुवांवर सापडत नाही. ते कृतीचे अंग नाही आणि कृतीतून व्यक्त होणाऱ्या जीवनाचेही नाही. पण ते रंगमंचावर प्रथम कोणी आणले? विरोधकांनी नव्हे. ते संघाच्या नावात, नेपथ्यात, जाहिरातीत आधीपासूनच मांडून ठेवलेले होते. ज्या वस्तूवर दगड पडला ती निर्मात्यांनीच दर्शनी भागात लावली होती, आणि दगड लागला तो तिच्यामागे उभ्या असलेल्या पोरांना.

स्पर्धा ही मुळातच कलेला परकी आहे, असे म्हणणारा एक शुद्धिवादी पक्ष आहे. मराठी परंपरा त्याला साक्ष देत नाही. कलगी-तुऱ्याचे फड रात्र रात्र रंगत. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एका बाजूने भेदिक कवनातून कोडे टाकायचे आणि दुसऱ्या बाजूने तिथल्या तिथे, त्याच चालीला धरून, उकल करून उलट कोडे घालायचे. हार-जीत होती, इरेला पडणे होते, क्वचित हातघाईही. पेशवाईच्या अखेरीस होनाजी बाळा आणि सगनभाऊ यांची चढाओढ प्रसिद्ध होती. एक पुण्याचा गवळी, दुसरा मुसलमान शिकलगार. त्यांच्या श्रोत्यांनी बाजू घेतल्या त्या कवनांवरून. कलगी किंवा तुरा जन्माने मिळत नसे. तो गुरूकडून घ्यावा लागे. शिवाय या स्पर्धेचा आकृतिबंधच असा होता की प्रतिपक्षाशिवाय रात्र उभी राहत नसे. सवाल नसेल तर जबाब कशाचा? समोरच्या शाहिराला आमंत्रण देऊन आणावे लागे, त्याला जेवू घालावे लागे आणि मग त्याला निरुत्तर करण्याचा प्रयत्न करावा लागे. पाहुणा आणि प्रतिस्पर्धी ही दोन नाती, जी उपनिषदात आणि लॅटिन कोशात एकमेकांपासून दूर गेलेली दिसतात, फडावर एका देहात नांदत होती. ते शक्य झाले कारण गाणे गाण्याला उद्देशून होते.

देशादेशांच्या दूरचित्रवाणी-स्पर्धेत नेमके हेच नसते. एक गायक आपले गाणे गातो आणि बाजूला होतो; दुसरा येऊन आपले गातो. दुसऱ्याने पहिल्याचे ऐकले नाही तरी त्याच्या गाण्यात कणभर फरक पडत नाही. दोन्ही गाणी एकमेकांकडे पाठ करून एकाच परीक्षकाकडे तोंड करतात. परस्परांशी बोलण्याची जागा गुणपत्रिकेने घेतलेली असते. युरोपातील स्पर्धेत १९७५ पासून बारा, दहा आणि मग आठपासून एकपर्यंत अशी गुणांची उतरंड आहे. तिची घोषणा गाण्यांपेक्षा अधिक उत्कंठेने पाहिली जाते, यात नवल नाही. ज्या संवादाला संहितेत जागा नाही तो आकड्यांतून चालतो. शेजारी शेजाऱ्याला बारा देतो, रुसलेला शून्य.

परीक्षकाची नैतिक अडचण येथे तीव्र होते. भरताचा प्राश्निक आपल्या विद्येच्या बळावर बसतो, म्हणून त्याच्याकडे निःपक्षपात मागता येतो. ‘सुरक्षेत्रा’तील परीक्षक विद्येच्या बळावर निवडल्या गेल्या खऱ्या, तिघींच्या अधिकाराविषयी शंका घेणे हास्यास्पद होईल. परंतु त्यांना बसवले ते देशवार. अशी बैठक प्रत्येक निवाड्याला आधीच दुभंगून टाकते. आशाबाईंनी भारतीय गायकाला उचलून धरले तर तो पक्षपात दिसणार आणि पाकिस्तानी गायकाला उचलून धरले तर ते औदार्य दिसणार. दोन्ही वाचनांत गाणे दिसत नाही. कांटने सौंदर्यनिर्णयाला सर्वांची संमती मागण्याचा जो हक्क दिला, तो निर्णय हितसंबंधरहित असेल तरच. येथे निर्णय प्रत्यक्षात हितसंबंधरहित असला तरी तसा वाचला जाण्याची वाटच बुजवलेली होती. पंचाला न्याय करू द्यायचा, पण त्याचा न्याय न्याय म्हणून दिसू द्यायचा नाही, यासारखा अन्याय पंचावर दुसरा नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये स्पर्धा संपली आणि विजेतेपद पाकिस्तानच्या नबील शौकत अली याच्याकडे गेले. या निकालाला सद्भावनेचा पुरावा म्हणता येईल काय? तो उत्तम गायला म्हणून जिंकला असेल, तर त्याच्या देशाचा त्याच्याशी संबंध नाही. देशामुळे जिंकला असेल, तर तो गायला कसा याला महत्त्व नाही. पहिले खरे असणार, असे मानण्यास जागा आहे. मात्र तसे मानले की स्पर्धेच्या शीर्षकातील दोन्ही देश अनावश्यक ठरतात. याहून बोलका दाखला पाच वर्षे आधीचा आहे. २००७ साली झी वाहिनीच्या ‘सा रे ग म प’ या स्पर्धेला ‘विश्वयुद्ध’ असेच भडक नाव दिले होते. त्यात गायक एकेकटे उतरले, संघ म्हणून नव्हे. पाकिस्तानातील फैसलाबादचा अमानत अली अंतिम तिघांत पोहोचला आणि त्याला तेथवर नेण्यात भ्रमणध्वनीवरून मते पाठवणाऱ्या भारतीय प्रेक्षकांचा वाटा होता. त्याच वर्षी ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग गोरखाबहुल डोंगरी भागातून आलेल्या मतांच्या लोंढ्यावर जिंकला आणि त्यानंतर त्याच्याविषयीच्या एका हेटाळणीच्या उद्गारावरून सिलिगुडीत दंगल झाली. एका बाजूला सीमेपलीकडच्या आवाजाला स्वतःहून दिलेले मत, दुसऱ्या बाजूला देशाच्या आत देश शोधणारे मत. मतदाराला पताका लागतेच असे नाही, आणि न दिली तरी तो कधी कधी ती स्वतः शिवून घेतो. या दोन घटना एकत्र ठेवल्या की ‘जनता मुळात उदार असते’ आणि ‘जनता मुळात संकुचित असते’ ही दोन्ही विधाने सारखीच निरुपयोगी ठरतात.

‘सुरक्षेत्रा’सारखा प्रयोग नंतर झाला नाही आणि पुढच्या काळात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ऑक्टोबर २०१५ मध्ये जगजित सिंह यांच्या स्मरणार्थ मुंबईत ठरलेला गुलाम अली यांचा कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधामुळे रद्द झाला. तेथे स्पर्धा नव्हती, संघ नव्हते. मृत मित्रासाठी एक ज्येष्ठ गायक गाणार होता. २०१२ च्या विरोधाला निर्मात्यांच्या रचनेत जो काही आधार सापडत होता, तो या प्रसंगी सापडत नाही. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ साली चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनेने पाकिस्तानी कलावंतांना काम न देण्याचा ठराव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा कलावंतांवर संपूर्ण बंदी घालण्याची मागणी फेटाळली आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. न्यायालय अशी बंदी घालण्याचा आदेश देणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. बोलवावे की नाही, हे ठरवण्याचे ओझे पुन्हा बोलावणाऱ्यावर आले, म्हणजे जेथे आतिथ्याचा प्रश्न सुरुवातीपासून होता तेथेच.

पाहुणा न आल्याने त्याचे गाणे थांबत नाही, ही एक बारीकशी गैरसोय दोन्ही पक्षांना सोसावी लागते. सिराजची ती गझल आबिदा परवीन यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहे. हर्सूलमध्ये कोणी ती लावली तर पंचाची खुर्ची नसते, गुण नसतात. दाराशी कोणी उभे नसल्याने आत घ्यायचे की अडवायचे हेही ठरवावे लागत नाही. शब्द ज्या शहरात लिहिले गेले त्याच्या वेशीवर ते सिंधी उच्चारांच्या छटेसह ऐकू येतात. एखाद्या जुन्या माणसाला त्यातले दखनी वळण हरवल्याचे कदाचित खटकेल. ती तक्रार मात्र त्या गाण्याविषयीचीच असेल.